हात हलला, फोटो नाही

फोटो काढणाऱ्या माणसाला चांगल्या फोटोंबद्दल विचारू नये. बिघडलेल्यांबद्दल विचारावं. मग तो खुर्ची ओढून बसतो, चहा सांगतो आणि तुमची निघायची वेळ टळून गेली तरी उठत नाही! चांगला फोटो भिंतीवर लागतो आणि गप्प होतो. बिघडलेल्या फोटोला मात्र गोष्ट असते, आणि त्या गोष्टीच्या शेपटीला दुसरी बांधलेली असते.

आमच्या रविवारच्या ग्रुपकडे तर अशा गोष्टींची रासच पडली होती. २००८-०९च्या आसपासचा काळ. भाईंदर पश्चिमेला म्हात्रे सरांचा फोटो स्टुडिओ होता. लग्न, साखरपुडा, बारसं, सगळं तेच काढायचे. सर राई गावचे. घरची मिठागरं होती, भातशेती होती. त्यातलं बरंचसं आता बिल्डिंगांखाली गेलं. सरांनी रोलच्या जमान्यात हातात घेतलेला कॅमेरा मात्र खाली ठेवला नाही. रविवारी सकाळी स्टुडिओचं शटर अर्धं वर करून ते आम्हा नवशिक्यांना शिकवायचे.

नवशिके म्हणजे आम्ही तिघं. एक मी, नीता. लग्नानंतर बरीच वर्षं गिरगावात काढून मीरा रोडला राहायला आलेली, ऑफिसात अकाउंट्स बघणारी. दुसरा जिग्नेश. त्याचं भाईंदर पूर्वेला इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान. आणि तिसरे साठे काका, बँकेतून रिटायर झालेले. काकांचे हात थरथरायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाबरण्यासारखं काही नाही, पण हे जाणारही नाही. काका चहाचा कप अर्धाच भरून घ्यायचे.

आणि या काकांना फोटोग्राफी शिकायची होती!

* * *

पहिल्याच रविवारी सरांनी परीक्षा घेतली. पाण्याच्या बाटलीचं झाकण घेतलं, त्यात काठोकाठ पाणी भरलं आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवलं.

"डोळ्याला लावा. श्वास सोडा. मग बटन दाबा. पानी सांडलं न्हाय पायजे. हात कसा पायजे? मिठागराच्या बांधासारखा! भरती आली तरी हलत न्हाय."

माझं थोडं सांडलं. जिग्नेशला नेमकी शिंक आली, त्याचं सगळं सांडलं. काकांच्या वेळी पाणी सांडायचा प्रश्नच आला नाही. कॅमेरा डोळ्यापर्यंत पोचायच्या आत झाकणच टेबलाखाली गेलं!

 सर खाली वाकले, झाकण उचललं आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले, "काका, तुमी ट्रायपॉडवर शिका. कॅमेरा स्टँडवर बसला की हाताची भानगडच न्हाय."

काका म्हणाले, "सर, माझा नातू नुकता चालायला लागलाय. चालत नाही, धावतोच. मी स्टँड घेऊन त्याच्यामागे घरभर पळालो, तर सूनबाई त्या स्टँडला मलाच बांधून ठेवेल!"

सर हसले. आम्हीही हसलो. मला वाटलं, संपलं, आता काही हे परत येत नाहीत.

काकांनी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि शटरखालून वाकून बाहेर पडता पडता म्हणाले, "पुढच्या रविवारी येतो. झाकण भरून ठेवा."

* * *

काका खरंच आले. झाकण पुन्हा पडलं. त्याच्या पुढच्या रविवारीही पडलं. आता ते पडायचा आवाज आला की सर पुढचं शिकवायला लागायचे.

त्याच सुमारास माझे दीर दुबईहून आले आणि माझ्यासाठी डिजिटल एसएलआर घेऊन आले. मी रविवारी तो मिरवत स्टुडिओत नेला. लेन्सच्या बाजूला एक छोटं बटण होतं. मी माहितीपुस्तक वाचून आले होते, म्हणून ऐटीत सांगितलं, "सर, यात इमेज स्टॅबिलायझर आहे!"

जिग्नेश एकदम उभा राहिला. "स्टॅबिलायझर? नीताबेन, वो तो मैं बेचता हूँ! फ्रिजचा की टीव्हीचा?"

सरांनी कॅमेरा घेतला, बटण अर्धं दाबलं. आतून बारीक झूंऽऽ आवाज आला. सरांनी लेन्स कानाला लावली. "म्याडम, मच्छर शिरलाय आत!"

मी त्यांना वाचलेलं सगळं सांगितलं. लेन्सच्या आत एक काच तरंगती ठेवलेली असते. हात एका बाजूला हलला की ती काच त्याच्या उलट सरकते. त्यामुळे हात हलला तरी आतलं चित्र जागच्या जागी राहतं.

सर जरा विचार करून म्हणाले, "म्हंजे डोक्यावर पाटी घेऊन चाललेली कोळीण! कंबर हलते, मान हलते, पाटीतला बोंबील हलत न्हाय." आणि लगेच तोंड वाकडं केलं. "पन हा हाताचा आळस हाय. मशीन हात धरनार, मग तुमी काय शिकनार?"

काकांनी हात पुढे केला. म्हणाले, "मी बघू?"

स्टुडिओच्या समोर, रस्त्यापलीकडे औषधाचं दुकान होतं. काकांनी कॅमेरा त्या दुकानाच्या पाटीवर रोखला. कॅमेरा नेहमीसारखा थरथरत होता. त्यांनी बटण अर्धं दाबलं. झूंऽऽ. काकांचा चेहरा आम्हाला दिसत नव्हता, पण त्यांच्या खांद्यांचा ताण सैलावलेला दिसला. हात तसेच थरथरत होते, आणि तरी काका कॅमेरा डोळ्यावरून काढत नव्हते. बराच वेळ ते नुसतेच बघत राहिले.

"काका, दाबा ना!" मी म्हटलं.

त्यांनी दाबलं. आम्ही सगळे छोट्या स्क्रीनवर वाकलो. फोटो अगदी कोरीव नव्हता, किंचित मऊच होता. पण पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं: 'येथे सर्व प्रकारची औषधे मिळतील.'

काकांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "मिळालं!"

* * *

त्या लेन्सनं काकांना इतका धीर दिला, की त्यांनी तसाच कॅमेरा घेतला; मला मात्र तिनं माज दिला. माझ्या भाचीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. मीरा रोडच्याच एका हॉलमध्ये. आमच्या बिल्डिंगमधल्या आणखी तीन-चार मुली त्याच डान्समध्ये होत्या. त्यांच्या आयांना मी छातीठोकपणे सांगितलं, "तुम्ही कॅमेरे आणूच नका. फोटो माझ्यावर सोडा. फ्लॅशही लागणार नाही, माझ्याकडे स्टॅबिलायझर आहे!"

हॉलमध्ये अंधार. स्टेजवर लाल-निळे दिवे. मुली घागरे घालून गरगर फिरत होत्या. मी श्वास सोडून, कोपरं पोटाला लावून, अगदी सरांनी शिकवलं तसं एकामागून एक फोटो काढले. हात असा स्थिर की बांधसुद्धा लाजावा!

दुसऱ्या दिवशी सगळ्या आया आमच्याकडे जमल्या. मी कॉम्प्युटर लावला.

स्टेजचा पडदा असा आला होता की त्याच्या झालरीचा धागा न् धागा मोजावा. कुंडीतल्या शेवंतीच्या पाकळ्या दिसत होत्या. मागच्या बोर्डावरचं थर्माकोलचं 'स्वागतम्' लख्ख. आणि मधोमध पाच-सहा रंगीत धूर उठले होते!

"यातली माझी कुठली?" एकीनं विचारलं.

"ती... बहुतेक हिरवी."

"माझीचा घागरा हिरवा नव्हता."

 मग चौथ्या मजल्यावरच्या जोशीवहिनी माझी समजूत घालायला म्हणाल्या, "पडदा मात्र छान आलाय हं! शाळेला देऊन टाका."

रविवारी सरांना दाखवलं. सर पोट धरून हसले आणि मग नीट समजावून सांगितलं. "म्याडम, त्याने तुमचा हात थांबवला. पोरींना कोन थांबवनार? समोरचा हलतोय, तर शटर जलद पायजे. मशीनला इतकंच कळतं, की तुमी हललात. जग हललं तर त्याला पत्ता न्हाय."

काकांनी मान डोलावली. "माझा नातू अजून असाच येतो. धुरासारखा. पण आता दोष त्याचा असतो, माझा नाही! घरी हा फरक फार मोठा आहे."

* * *

जिग्नेशचं सगळं डबल. दुकानात एका फ्यूजच्या जागी दोन लावणारा माणूस! त्यानं स्टॅबिलायझरवाली लेन्स घेतली आणि वर एक जाडजूड ट्रायपॉडही घेतला. थंडीचे दिवस होते. पहाटे राईजवळच्या मिठागरांवर धुकं उतरतं, पाण्यात मिठाच्या राशींची पांढरी सावली पडते. तिथं जायचं ठरलं.

सगळ्यांच्या आधी जिग्नेश हजर. ट्रायपॉड घट्ट रोवलेला, वर कॅमेरा, लेन्सचं बटण चालू. "सर, नीचे स्टँड, ऊपर स्टॅबिलायझर. डबल सेफ्टी! भूकंप आला तरी माझा फोटो हलणार नाही."

उजेड कमी होता, म्हणून तो शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो काढत होता. सूर्य वर आल्यावर त्यानं फोटो मोठे करून बघितले. सगळे मऊ. मीठ कुठलं आणि धुकं कुठलं, काही कळेना. कॅमेरा हातात धरून काढलेले माझे फोटो त्याच्याहून बरे होते. काकांचेसुद्धा!

जिग्नेशचा चेहरा उतरला. "सर, लेन्स खराब आहे. मी परत करतो."

सरांनी लेन्सकडे बघितलं आणि बटण बंद केलं. "आता काढ."

फोटो आला तो असा, की मिठाचा खडा न् खडा सुटा!

"अरे, ती आतली काच बसलीय हात सावरायला," सर म्हणाले. "तिला हलनारा हातच न्हाय मिळाला. मग ती रिकामी कशी बसेल? उगाच इकडं तिकडं करत राहते. जो हलतच न्हाय, त्याला सावरत बसलं की तो हलायला लागतो. आमच्या आईनं माझ्या धाकट्या भावाचं हेच केलं!"

तेवढ्यात मागून बांधावरून चहाची किटली घेऊन सरांचा धाकटा भाऊच आला.

"काय केलं आईनं?"

सर म्हणाले, "चा करायला शिकवलं. दे इकडं."

* * *

हे अगदी छोटं. काका आता भाईंदरच्या बाजारात एकटेच फोटो काढत फिरायचे. एका भाजीवाल्या भैयाचा चेहरा त्यांना फार आवडला. परवानगी विचारून ते समोर उभे राहिले, कॅमेरा डोळ्याला लावला. कॅमेरा थरथरतोय. महिना मे, घामाच्या धारा.

भैया काळजीनं म्हणाला, "चाचा, ठंड लग रही है क्या?"

काका म्हणाले, "नहीं. तुम्हारा टमाटर का भाव सुना ना, तब से ऐसा हो रहा है!"

भैया जो हसला, तोच फोटो. आमच्या ग्रुपच्या पहिल्या प्रदर्शनात पहिला लावला तो हाच.

* * *

सर मात्र हट्टाला पेटलेले. "मी मरेपर्यंत हातावर काढनार," म्हणायचे. हे राईच्या हळदीपर्यंत चाललं.

सरांच्या भावकीतलं लग्न होतं. हळदीला त्यांनी मलाही नेलं, दुसरा कॅमेरा म्हणून. संध्याकाळ झाली होती आणि लोडशेडिंगची वेळ. लाइट गेले. मांडवात दोन पेट्रोमॅक्स आणि एक इमर्जन्सी ट्यूब, एवढाच उजेड. सरांना त्याची फिकीर नव्हती. त्यांचा फ्लॅश होता. पण नवऱ्याच्या मित्रांनी हळदीच्या पाण्याची बादली त्याच्यावर रिकामी केली, तिच्यातली अर्धी नवऱ्यावर पडली आणि अर्धी सरांच्या फ्लॅशवर! फ्लॅशनं एक पिवळा थेंब गाळला आणि डोळा मिटला.

त्याच वेळी धवलारीण आजी गायला बसली. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई असते, तिच्याशिवाय लग्न पुरं होत नाही. आजी फार म्हातारी होती. ताठ बसली होती, मांडीवर हात, नजर समोर, पेट्रोमॅक्सचा उजेड अर्ध्या चेहऱ्यावर. नवऱ्याच्या आईनं सरांना बजावलं होतं, "बाकी काय पन चुकव, आजीचा फोटो चुकवू नको. पुढच्या लग्नाला ती असल-नसल."

सरांनी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही हलले. इतक्या कमी उजेडात बांधही हलतो! माझ्याकडे न बघता त्यांनी हात पुढे केला. "द्या म्याडम."

मी लेन्स काढून दिली. सरांचाही आता डिजिटल होता आणि आमचे कॅमेरे एकाच कंपनीचे होते, त्यामुळे बसली. सर खाली बसले, श्वास सोडला, अर्धं बटण दाबलं, थांबले. मग दाबलं. स्क्रीनवर आजीच्या गालावरची सुरकुती न् सुरकुती होती, आणि डोळ्यात पेट्रोमॅक्सचा एक ठिपका.

 सरांनी लेन्स पुसून परत दिली.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी सरांच्या कॅमेऱ्यावर नवी लेन्स होती आणि तिच्या एका बाजूला काळी टेप चिकटवलेली. जिग्नेशला अशा गोष्टी लगेच दिसतात.

"सर, टेप कशाला?"

"स्क्रॅच पडलाय."

जिग्नेशनं नखानं टेपचा कोपरा उचलला. खाली छोटं बटण!

"चिकटव! चिकटव परत!" सर ओरडले. "गिऱ्हाइकाला कळलं म्हात्र्याचा हात मशीनवर चालतो, तर लग्नाला कोन बोलवेल मला?"

काका शांतपणे म्हणाले, "माझे दोन्ही चालतात. मला तर कोणी आधीही बोलवत नव्हतं!"

सर खूप हसले. टेप मात्र त्यांनी पुन्हा चिकटवली. मग जरा थांबून म्हणाले, "एक गोष्ट खरी हाय. शिकनाऱ्याचा पहिला फोटो हलला, दुसरा हलला, तिसरा हलला, की तो कॅमेरा कपाटात ठेवतो. पहिला बरा आला तर तो दुसरा काढतो. आमच्या वेळी किती पोरं आली आनि कपाटात कॅमेरे ठेवून गेली. तवा हे असतं तर..." आणि वाक्य अर्धवट सोडून ते बाटलीचं झाकण शोधायला लागले. "चला, पानी भरा! मशीन हाय म्हनून हात सोडायचा न्हाय."

* * *

आता चौकचं सांगते.

चौक म्हणजे उत्तनजवळचं कोळीवाड्याचं गाव. तिथले आन्तोन सरांचे जुने मित्र. एका रविवारी ते स्टुडिओत आले आणि खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "म्हात्रे, बापाचं काय करू सांग."

आन्तोनची लाकडी बोट होती. त्यांच्या वडिलांनी, पास्कूबाबांनी, तरुणपणी सुतारासोबत उभं राहून बांधून घेतलेली. आता बाबांना नीट दिसत नव्हतं आणि बोटीचं लाकूडही थकलं होतं. ती विकून आन्तोनला नवी घ्यायची होती. बाबा नाही म्हणाले नव्हते. पण गिऱ्हाईक बघायला आलं की ते जाऊन बोटीत बसायचे. बोलायचं नाही, भांडायचं नाही. नुसतं बसायचं. गिऱ्हाईक निघून गेलं की उतरायचे!

"वरडू तरी कसा?" आन्तोन म्हणाले. "ते काय बोलतच न्हाय."

सर म्हणाले, "एकदा बाबाला ती चालवू दे. आमी दुसऱ्या बोटीतनं फोटो काढतो. चांगला मोठा करून देतो."

"फोटोनं काय होनार?"

"मला न्हाय म्हाईत," सर म्हणाले. "पन मला दुसरं काय येतं?"

ठरलेल्या दिवशी आम्ही चौघं आन्तोनच्या चुलतभावाच्या बोटीत चढलो. दुपारपासून आभाळ भरून आलेलं, वारा सुटलेला. भरतीची वाट बघण्यात वेळ गेला आणि निघेपर्यंत उजेड उतरायला लागला. जिग्नेश धक्क्यावरून बोटीत पाय टाकतानाच देवाचं नाव घेत होता. आत गेल्यावर त्यानं कॅमेरा काढलाच नाही. काठावरून खाली तोंड करून तो समुद्राला जे काही द्यायचं ते देत राहिला!

समोर बाबांची बोट निघाली. तिला झेंडे लावले होते, फुलांची माळ घातली होती. सुकाणूवर पास्कूबाबा. आन्तोन शेजारी बसून "डावीकडं, बाबा... आता सरळ" सांगत होते. पण खरं म्हणजे सांगायची गरज दिसत नव्हती. बाबांची मान वर होती आणि बोट पाणी कापत चालली होती.

"टेका द्या!" सर ओरडले. "कोपरं फळीवर टेका!"

मी कोपरं टेकली. झालं! डिझेल इंजिनचा धडधडाट फळीतून कोपरात, कोपरातून कॅमेऱ्यात. स्टॅबिलायझर आत झूंऽऽ करत होता, पण तो बिचारा तरी काय काय सांभाळणार? माझ्या एका फोटोत नुसतं आभाळ, दुसऱ्यात नुसतं पाणी. सर उभे राहिले, एका हातानं दोर धरला, दुसऱ्यानं कॅमेरा. पहिल्याच लाटेला ते धाडकन खाली बसले. त्यांच्या फोटोत बोट होती, पण तीन-तीन दिसत होत्या.

"परत फिरव!" सरांनी चुलतभावाला सांगितलं. बाबांच्या बोटीजवळून आम्ही पुन्हा गेलो. पुन्हा तेच. उजेड झपाट्यानं जात होता. चुलतभाऊ म्हणाला, "आता एकदाच. मंग अंधारात खडकांकडनं जायला न्हाय जमनार."

तेव्हा माझं काकांकडे लक्ष गेलं. ते बोटीच्या मधोमध जाळ्यांच्या ढिगावर मांडी घालून बसले होते. कुठंही टेकले नव्हते. कॅमेरा डोळ्याला, हात नेहमीसारखे थरथरत. लाट आली की त्यांचं अख्खं शरीर वर जायचं, लाट गेली की खाली यायचं. ते अडवतच नव्हते.

"काका, टेका द्या ना!" मी ओरडले.

"नको!" ते म्हणाले. "टेकलं की इंजिनची थरथर आत येते. माझी मला पुरेशी आहे!"

बोट लाटेवर चढत होती. काकांनी बटण अर्धं दाबलं आणि थांबले. लाटेच्या डोक्यावर पोचली, की बोट क्षणभर ना वर जाते ना खाली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माणूस दम घ्यायला थांबतो तशी. तेवढ्यात काकांनी दाबलं. पुन्हा लाट, पुन्हा थांबणं, पुन्हा एक. सर स्वतःचा कॅमेरा मांडीवर ठेवून काकांकडे बघत होते.

मग बोट वळली आणि खडक मागे पडले.

धक्क्याला लागलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काका उतरले ते सरांचा खांदा धरून. आम्ही सगळे त्यांच्या कॅमेऱ्यावर वाकलो. बरेच फोटो वाया गेले होते. एक मात्र आला होता. लाटेवर थोडी उचललेली बोट, वाऱ्यानं ताणलेले झेंडे, आणि सुकाणूवर मान वर केलेले पास्कूबाबा. त्यांच्या हाताच्या शिरासुद्धा दिसत होत्या.

सरांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला.  मग टोपी काढून पुन्हा घातली.

आन्तोन वडिलांना हात धरून घेऊन आले. काकांनी कॅमेरा पुढे केला. बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. त्यांना काही दिसत असावं असं वाटलं नाही. त्यांनी मुलाला विचारलं.

"बोट हाय?"

"हाय, बाबा."

"झेंडे?"

"हायत."

"मी?"

"तूपन हायस. सुकानूवर."

बाबा जरा वेळ कॅमेरा तसाच धरून उभे राहिले. मग तो काकांच्या हातात परत दिला, काकांची थरथरणारी बोटं नीट त्याच्याभोवती मिटवली, आणि मुलाकडे वळून म्हणाले,

"मंग आता बोट ईक."